'पाण्याला फोर्स नाही': पंप घेण्याआधी नळापासून फेरूलपर्यंत काय काय बघायचं

फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, पाण्याला फोर्सच नाहीये हो." दुसरंही बहुतेक ठरलेलंच: "कुठला पंप बसवू?" पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गेली २३ वर्षं मी परवाना काढून प्लंबिंग करतोय. या एका तक्रारीसाठी किती घरांच्या पायऱ्या चढलो त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण पंपाची खरोखर गरज असलेली घरं त्यात फार थोडी निघाली. बाकीच्यांचं पाणी कुठेतरी अडलेलं होतं. अडलेल्या पाण्याला पंप लावणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसासमोर पंखा धरणं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी घरातले सगळे नळ एकेक करून उघडा आणि आपलं लक्षण कोणतं ते ठरवा.

लक्षणं

– एकाच नळाची धार बारीक, शेजारच्याची ठीक. दोष त्या नळात किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये, म्हणजे नळाला पाणी देणाऱ्या छोट्या चावीत.

– गार पाणी जोरात, गरम मात्र करंगळीएवढं. गीझर किंवा त्याच्या जोडण्या.

– नळ उघडल्याबरोबर जोरात येतं आणि दोन-तीन सेकंदांत मरतं. दाब आहे, पण वाट अरुंद झाली आहे. माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं लक्षण हेच.

– एक नळ चालू असताना दुसरा उघडला की पहिल्याचं पाणी जवळजवळ बंद होतं. बहुतेक वेळा वरचंच कारण.

– नळ फुसफुसतो, थुंकतो, मध्येच थांबतो. लाइनमध्ये हवा धरली आहे.

– बाथरूममध्ये कमी, स्वयंपाकघरात चांगलं. बऱ्याच इमारतींत या दोन ठिकाणी गच्चीवरून वेगवेगळे पाइप उतरतात. बिघाड त्यातल्या एका पाइपवर आहे.

– तुमच्याकडे कमी आणि त्याच डक्टवरच्या (पाइप उतरतात ती उभी पोकळी) वरच्या-खालच्या घरांतही कमी. हे तुमचं एकट्याचं काम नाही, सोसायटीचं आहे.

– अख्ख्या गल्लीत कमी, किंवा पाणी येतं त्या वेळातच कमी. इथे पुरवठादाराचा संबंध येतो.

अजून एक प्रश्न मी प्रत्येक घरात विचारतो: हे हळूहळू झालं की एका दिवसात? हळूहळू म्हणजे गंज किंवा क्षार. एका दिवसात म्हणजे कचरा, तुटलेला किंवा अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, नाहीतर कुणीतरी केलेलं 'काम'. टाइल्स बदलल्या, रंगकाम झालं, टाकी धुतली, रस्ता खणला, यातलं काही त्या आठवड्यात घडलं होतं का ते आठवा. निम्मा शोध तिथेच संपतो.

दाब वेगळा, धार वेगळी

हे समजलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पाण्याचा दाब उंचीने ठरतो. १० मीटर उंच उभ्या पाण्याचा दाब सुमारे १ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. एक मजला ३ मीटरचा धरला तर दर मजल्याला ०.३ किलो. टाकी गच्चीवर असेल तर तळमजल्याला सगळ्यात जास्त दाब मिळतो आणि टाकीच्या लगेच खालच्या घराला सगळ्यात कमी. शेवटच्या मजल्यावर शॉवरच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची कित्येकदा अडीच मीटरही भरत नाही. म्हणजे पाव किलो. तो दाब कुठल्याही व्हॉल्व्हमध्ये अडकलेला नसतो, तो तिथे मुळातच नसतो.

धार मात्र दाबासोबत वाटेवरही अवलंबून असते, आणि वाटेचा हिशोब विचित्र आहे. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं. अर्ध्या इंची लोखंडी पाइपात गंजाचा थर चढून पेन्सिलीएवढं भोक उरलं की वरची टाकी काठोकाठ असूनही उपयोग नसतो.

दोन्ही मोजायला महागडं काही लागत नाही. धार मोजायची बादलीने. २० लिटरची बादली बाथरूमच्या साध्या नळाखाली भरायला दोन मिनिटं लागली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे उत्तम. चार मिनिटं लागली तर शोध घ्यायला हवा. त्याहून जास्त लागली तर कुठेतरी नक्की तुंबलंय. सिंकच्या जाळीवाल्या नळावर हे मोजू नका, तो मुळातच कमी पाणी सोडतो.

दाब मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी आणा, ती पारदर्शक. एक टोक नळाला क्लिपने घट्ट बसवा, दुसरं उंच धरा, घरातले बाकी सगळे नळ बंद करा आणि हा नळ सोडा. पाणी नळीत जिथवर चढून थांबलं तेवढे मीटर तुमचा दाब. मग दुसऱ्या माणसाला शेजारचा नळ उघडायला सांगा. नळीतलं पाणी वीतभर उतरलं तर ठीक. धाडकन खाली आलं तर दाब पुरेसा आहे आणि वाट चोंदलेली आहे. ज्यांना दाबमापक परवडतो त्यांनी ०ते ७ किलोचा घ्यावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण खालच्या दोन-तीन मजल्यांचा दाब फार असेल तरच तो लागतो, वरच्या मजल्यावर नळीइतकं अचूक दुसरं काही नाही.

आता तपासणी, फुकटातल्यापासून

नळाच्या तोंडची जाळी. सिंकच्या आणि बेसिनच्या नळाला टोकाशी फिरवून निघणारी जाळी असते. हाताने किंवा फडकं गुंडाळून पक्कडीने काढा. आत वाळू, गंजाचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे सापडतील. जाळी काढून नळ सोडा. धार परत आली तर काम संपलं, फी वाचली. क्षार बसले असतील तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून रात्रभर भिजत ठेवा. शॉवरलाही हाच उपाय. बाथरूम धुवायचं अॅसिड वापरू नका, नळाची चकाकी जाते आणि रबरं खराब होतात. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं की वर्तमानपत्रात ठरलेली ओळ छापून येते, 'शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल'. लाइन रिकामी होऊन पुन्हा भरताना आतला गंज सुटतो. जाळ्या तुंबल्याचे फोन मला शनिवारी येतात ते त्यामुळे.

अँगल कॉक. बेसिनखालची, कमोडजवळची ती छोटी चावी. पूर्ण उघडी आहे ना बघा. मग ती बंद करा, वरचा कनेक्शन पाइप सोडवा, त्याचं टोक बादलीत धरा आणि हळू उघडा. इथे जोरात पाणी आलं तर दोष पुढे, म्हणजे पाइपात किंवा नळात. इथेच कमी असेल तर मागे. या एका कृतीने शोधाचं क्षेत्र निम्मं होतं. कनेक्शन पाइपाचा रबरी वायसर जास्त आवळल्याने आत फुगून भोक बुजलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी तोच बघतो. सोडवताना मात्र दोन पाने वापरा, एकाने अँगल कॉक धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर भिंतीच्या आतला जोड फिरतो आणि दहा मिनिटांच्या कामासाठी टाइल्स फोडायची वेळ येते.

घराचा मुख्य व्हॉल्व्ह. डक्टमध्ये, बाथरूमच्या माळ्यावर किंवा गच्चीवर असतो. दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडा पाइपाला समांतर म्हणजे पूर्ण उघडा, पाइपाला काटकोनात म्हणजे बंद, तिरका म्हणजे तुमची तक्रार. गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर खरी भानगड. जुन्या गेट व्हॉल्व्हमध्ये आतली पितळी चकती दांड्यापासून सुटून खाली पडते. चाक छान फिरतं, 'उघडला' असं वाटतं, आणि चकती वाटेत तशीच. पाचव्या मजल्यावरच्या एका काकूंनी पंप विकत आणून ठेवला होता, फक्त बसवायला मला बोलावलं होतं. चाक हातात घेतलं तर गर्रकन फिरलं, अडेचना. व्हॉल्व्ह बदलला. पंप दुकानदाराने परत घेतला नाही. त्या घरी मी गेलो की अजून तो खोक्यात दिसतो.

गेट व्हॉल्व्ह काढलाच तर त्या जागी बॉल व्हॉल्व्ह लावा, आणि महिन्यातून एकदा उघड-बंद करत जा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह नेमका लागेल त्या दिवशी दगा देतो.

गीझर. फक्त गरम पाणी कमी असेल तरच इकडे या. आधी मेन स्विच बंद. नुसतं बटण बंद करून हात घालू नका. मग गरम बाजूचा कनेक्शन पाइप सोडवून बघा, गीझरमधून बाहेर येतानाच कमी आहे का. असेल तर गार पाणी आत जातं तिथला व्हॉल्व्ह बघायचा. त्यात पाणी उलट जाऊ नये म्हणून झडप असते आणि दाब वाढला तर सोडायची सोय असते. बोअरच्या पाण्यात तो क्षाराने चोंदतो. तो बदलता येतो. 'काढून टाकला, आता पाणी जोरात येतं' असं सांगणारे भेटतात. तसं करू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकीतली वाफ सोडणारा तेवढाच एक रस्ता असतो. गीझरची टाकी आतून क्षाराने भरली असेल तर ते काम गीझरवाल्याचं.

हवा. गच्चीची टाकी धुतली किंवा पूर्ण रिकामी झाली की त्यानंतर दोन दिवस फुसफुसणारे नळ हमखास. गच्चीवरच्या आडव्या पाइपाने कुठे कमान घेतली असेल तर हवा त्या उंचवट्यात बसते आणि वरून येणारं पाणी तिला ढकलू शकत नाही. त्या लाइनवरच्या सगळ्यात खालच्या घराचा नळ पूर्ण सोडून ठेवा, पाच-दहा मिनिटांत बहुतेक वेळा सुटते. वारंवार होत असेल तर खाली उतरणाऱ्या पाइपाला गच्चीवर हवेची नळी आहे का आणि तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर आहे का ते सोसायटीने बघायचं. हवेच्या नळीतून पाणी सांडतं म्हणून कुणीतरी तिला लाकडी खुंटी ठोकलेली असते. ती काढली की अर्धी इमारत सुखी होते.

गच्ची. टाकीत पाणी आहे का, बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी गाळ आहे का, कुणाच्या लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट आहे का. गच्चीवर व्हॉल्व्हचा जथाच असतो आणि कोणता कुणाचा ते वॉचमनशिवाय कुणाला माहीत नसतं. एकदा बसून प्रत्येकावर ऑइलपेंटने नंबर टाकून घ्या. शेजाऱ्याचा व्हॉल्व्ह मात्र विचारल्याशिवाय फिरवू नका, यावरून झालेली भांडणं मी मिटवू शकलेलो नाही. टाकीत उतरायचं काम तुमचं नाही, आणि शिडीवरून एकट्याने वाकणंही नको.

लोखंडी पाइप. इमारत पंचवीसएक वर्षांची, पाइप जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), धार वर्षागणिक घटत गेलेली, सकाळचं पहिलं पाणी तांबूस. हे सगळं जुळलं तर वरचं सगळं करून फार फरक पडणार नाही. गंज सगळ्यात आधी एल्बोमध्ये बसतो. पाइपावर हातोडी मारून गंज सोडवणारे कारागीर आहेत, पण सुटलेला गंज पुढच्या वळणावर जाऊन बसतो आणि कुजलेला पाइप तिथेच फुटतो. असा पाइप बदलायचाच. गच्चीवरून नवी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाची, आणि जिथे अर्धा इंच होता तिथे निदान पाऊण. भिंतीतला जुना पाइप काढायच्या भानगडीत न पडता बाहेरून नवीन टाकलेला स्वस्त पडतो. दिसायला बरा दिसत नाही, पण उद्या गळला तर दिसतो तरी.

हात कधी थांबवायचा

भिंतीच्या आत जाणारा जोड फिरू लागला, तर थांबा. व्हॉल्व्हचा दांडा गंजून अडकला असेल तर जोर लावू नका, तुटला तर मुख्य बंद करायला दुसरी जागाच नसते. भिंतीवर ओल आणि धार कमी हे दोन्ही एकत्र दिसलं तर आत गळती आहे. सगळे नळ बंद करून मीटरवरचं छोटं चक्र बघा, ते फिरत असेल तर शंकाच नको, प्लंबर बोलवा. गच्चीच्या पंपाचं, स्टार्टरचं काही असेल तर इलेक्ट्रिशियन. मीटरचं सील आणि रस्त्यातली जोडणी यांना तुम्हीही हात लावायचा नाही आणि मीही परवानगीशिवाय लावत नाही. आणि धार कमी झाल्याबरोबर पाण्याला गटाराचा वास किंवा गढूळपणा आला तर बाकी सगळं सोडा. ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका आणि त्याच दिवशी पाणीपुरवठा कार्यालयाला कळवा. फुटलेल्या लाइनमध्ये बाहेरचं पाणी शिरतंय.

आता रस्त्यावरची लाइन

थेट लाइनवरची घरं, बैठी घरं, वाडे, रो-हाउस किंवा सोसायटीचा तळाचा हौद, यांच्यासाठी हा भाग.

पहिली तपासणी फुकट आहे आणि ती कुणीच करत नाही: शेजाऱ्याकडे जाऊन बघा. पाणी आलेलं असताना, एकाच वेळी, दोन्ही घरी लेव्हलची नळी लावा. माझ्या सासुरवाडीला, एका छोट्या नगरपालिकेच्या गावात, मेहुण्याच्या अंगणातल्या नळाला पाणी साडेतीन मीटर चढत होतं, समोरच्या घरी आठ मीटरच्या वर. कार्यालयातून सहा महिने उत्तर मिळत होतं, 'सगळीकडेच कमी आहे.' आम्ही दोन्ही आकडे, तारीख, वेळ लिहून अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी माणसं आली, खणलं, आणि मुख्य लाइनवरच्या फेरूलमध्ये गंजाची खपली अडकलेली निघाली. फेरूल म्हणजे मुख्य पाइपाला भोक पाडून बसवलेली ती पितळी जोडणी, जिथून तुमचा पाइप सुरू होतो. फेरूल त्यांनी साफ करून दिला. तिथून घरापर्यंतचा जुना पाइप मेहुण्याला स्वखर्चाने बदलावा लागला.

साधारण हीच सीमारेषा सगळीकडे असते. मुख्य वाहिनी, तिच्यावरचे व्हॉल्व्ह, पाणी सोडण्याची वेळ, पाण्याची शुद्धता हे पुरवठादाराचं. फेरूलच्या पुढचा पाइप ग्राहकाचा, मात्र रस्ता खणायला परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो. सोसायटीच्या आवारातला बाहेरचा पाइप, पंप आणि टाक्या यांची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने तिच्या खर्चाने करायची, आणि घराच्या आतलं सदस्याने. नवीन इमारत असेल तर आणखी एक दार आहे. रेरा कायद्याच्या कलम १४प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कामाचा दर्जा किंवा सोयींमधला दोष दाखवून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. वरच्या मजल्याला मुळात पाणीच पोचत नाही, हा मला तरी दोषच वाटतो. लेखी कळवा, तोंडी नको.

पुरवठादाराने किती दाब द्यायला हवा? केंद्राच्या सीपीएचईईओ या संस्थेची १९९९ची पाणीपुरवठा नियमावली होती, २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १९९९च्या नियमावलीत फेरूलजवळ किमान दाब एकमजली वस्तीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर धरला होता, आणि साधारणपणे २२ मीटरच्या वरचा दाब धरून जाळं आखू नये असं म्हटलं होतं. हा आराखड्याचा निकष आहे, कोर्टात जाऊन 'माझे ७ मीटर द्या' म्हणण्याचा हुकूम नव्हे. पण बोलायला आकडा मिळतो. आणि उलटही कळतं: चौथ्या मजल्यावर थेट लाइनचं पाणी चढत नाही ही महापालिकेची चूक नाही, ती लाइन त्यासाठी आखलेलीच नाही. तिथे तळाचा हौद आणि पंप हवाच.

दाबाइतकंच प्रमाण बघा. त्याच १९९९च्या नियमावलीत मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर आणि महानगरांत १५० लिटर धरले होते. २४ घरांची सोसायटी, ९६ माणसं, १३५च्या हिशोबाने रोजचे १२,९६० लिटर. मीटरचं एक युनिट म्हणजे १,००० लिटर. रोज ठरलेल्या वेळी आठवडाभर आकडा लिहा. रोज १३ युनिटच्या आसपास येत असूनही टँकर लागत असेल तर गळती तुमच्या आवारात आहे, हौदाचा फ्लोट आणि गच्चीचा ओव्हरफ्लो बघा. ७ युनिटच येत असतील तर तो कागद घेऊन कार्यालयात जा. मीटरच्या तोंडाशी आत जाळी असते, ती तुंबली तरी असंच दिसतं. ती उघडून घ्यायला अर्ज करावा लागतो, पण तो आधी करून टाका.

कुठलं कार्यालय हेही आधी बघा. शहरात महापालिका हे आपण धरूनच चालतो, पण अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं, आणि काही ठिकाणी एमआयडीसी. गावात ग्रामपंचायत, तिथे जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. बिलावर कुणाचं नाव आहे ते वाचा, दोन हेलपाटे वाचतील.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पुरेशा पाणीपुरवठ्याची व्यवस्था हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून दिलंय. पण व्यवहारात उपयोगी पडतो तो २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम. नागरी संस्थांच्या अधिसूचित सेवांच्या यादीत 'पाण्याची दबाव क्षमता तक्रार' अशी सेवाच आहे, आणि 'नादुरुस्त मीटर तक्रार', 'अनधिकृत नळजोडणी तक्रार' याही आहेत. अर्ज याच नावाने करा, पोच आणि अर्ज क्रमांक घ्या. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, मग दुसरं, दोन्ही त्याच संस्थेच्या वरिष्ठांकडे, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. योग्य कारणाशिवाय सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जात 'पाणी कमी येते, कृपया लक्ष द्यावे' असं लिहू नका. असं लिहा: 'तारीख अमुक, सकाळी ६.४०, फेरूलपासून पहिल्या नळावर ३.५ मीटर, शेजारच्या मिळकतीत त्याच वेळी ८ मीटर, नळी लावल्याचा फोटो सोबत.' कनिष्ठ अभियंत्याला असा अर्ज बाजूला ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटतं, कारण कुठे खणायचं ते आयतं कळतं.

चावीवाल्याशी गोड बोलून तुमच्या भागाचा व्हॉल्व्ह दोन आटे जास्त उघडून घेणं हा उपाय चालतो, नाही असं नाही. पण तेवढं पाणी उंचावरच्या गल्लीचं कमी होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं शिष्टमंडळ त्याच्याकडे जातं.

आणि एक गोष्ट अजिबात नको: नळाला थेट मोटर. आधी हे बेकायदा आहे, मोटर जप्त होते. दुसरं म्हणजे मोटर लाइनमध्ये ओढ निर्माण करते. जिथे मुख्य पाइपाचा जोड सैल आहे आणि शेजारून ड्रेनेज गेलंय, तिथलं पाणी त्या ओढीने आत येतं. सगळ्यात आधी ते तुमच्याच हंड्यात पडतं. हौदात पाणी पडू द्या आणि मोटर हौदावर लावा.

मग पंप कधी?

नळीत पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढतंय, दुसरा नळ उघडल्यावर फारसं उतरत नाही, जाळ्या-व्हॉल्व्ह-पाइप सगळं ठीक, आणि तरी वरच्या मजल्यावर शॉवर नुसता ठिबकतोय. तेव्हा. आधी टाकी दीड-दोन मीटर उंच चौथऱ्यावर चढवता येईल का ते विचारा, पण ते बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवूनच, कारण ५,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ५ टन. ते जमत नसेल तर टाकीतून उतरणाऱ्या तुमच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, बायपास व्हॉल्व्ह ठेवायला सांगा म्हणजे वीज गेली तरी साधं पाणी येत राहील, आणि वायरिंग अर्थिंगसह करून घ्या. घरातले पाइप जुने जीआयचे असतील तर आधी ते बदला, पंपाच्या दाबाने पहिला फुटतो तो भिंतीतला एल्बो. पंपाखाली जाड रबराचं पॅड टाका, नाहीतर पहाटे साडेपाचला तुमच्या आंघोळीची वर्दी खालच्या बिऱ्हाडाला मिळते.